तीन बोटं मागे

माझा सासरा तारयेई याला मी वीसेक वर्षं शिव्या घातल्या, पण सगळ्या मनातल्या मनात. या घरात शिव्या मनातच घालायच्या असतात. आनंद मनात, राग मनात, आणि कुणाचं काही चुकलं तर ते गिळून त्याला आणखी एक कप कॉफी ओतायची. मी बर्गनची, समुद्रकाठच्या शहरातली. आमच्याकडे बारा महिने पाऊस आणि बारा महिने बडबड. लग्न होऊन टेलेमार्कच्या या दरीत आले तेव्हा वाटायचं, ही सगळी माझ्यावर रुसून बसली आहेत. पुढे कळलं, ती त्यांची खुशीतली तोंडं होती.

म्हातारा मला 'पावसाळी' म्हणायचा. "काय गं पावसाळे, बर्फ पायाखाली असतो, वर काय बघतेस?" स्कीवरून मी पडले की तो थांबायचा नाही, वळूनही बघायचा नाही. मी उठून, कपडे झटकून वर पोचेपर्यंत त्याचं संत्रं खाऊन झालेलं असायचं. मग तो उठायचा आणि म्हणायचा, "चला, आपली विश्रांती झाली." माझी व्हायची होती याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

दर ईस्टरला आम्ही पठारावरच्या आमच्या लाकडी घरी जातो. तिथवर रस्ता नाही. रस्ता संपतो तिथं गाड्या लावायच्या आणि दिवसभर स्कीवर चालायचं. ताज्या बर्फात एकानं पुढं राहून वाट पाडायची, बाकीच्यांनी त्याच्या खुणेवरून मागं जायचं. पुढं कायम तारयेई. घराची किल्ली त्याच्या गळ्यात, लोकरी बनियनच्या आत, दोरीला बांधलेली. जो वाट पाडतो तोच ठरवतो, कुठं थांबायचं, कधी खायचं, रात्री शेकोटीजवळच्या खाटेवर कोण झोपणार आणि दाराशी कोण कुडकुडणार. मी कायम दाराशी.

दोन वर्षांमागं धुकं उतरलं. इतकं पांढरं, की स्वतःचा हात दिसेना. म्हातारा पुढं चालतच राहिला. माझा नवरा हाल्वोर, त्याचा मुलगा, एकदाच म्हणाला, "बाबा, तळं डावीकडे राहायला हवं होतं ना?" म्हातारा म्हणाला, "तळं आहे तिथंच आहे." मग आम्ही भलत्याच घळीत उतरलो आणि रात्र बर्फात खड्डा खणून काढली. हाल्वोरच्या पायाची दोन बोटं काळी पडली, ती दवाखान्यात कापावी लागली. गावात म्हातारा सांगत सुटला, "पोरानं पातळ मोजे घातले होते." हाल्वोर शेजारी उभा राहून मान डोलवायचा. कुबड्या काखेत आणि मान डोलवतोय. मला तेव्हा दोघांनाही एकाच काठीनं बडवावंसं वाटलं होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी म्हाताऱ्याची जुनी स्की चिरली आणि त्यानं नवी जोडी आणली. आता स्कीवर पकड कुठं बसवायची, हा आमच्या घरी देवाधर्मापेक्षा मोठा प्रश्न. पकड म्हणजे बूट अडकवायची लोखंडी चाप. डोंगरातल्या स्कीला बूट फक्त पुढून, बोटांपाशी अडकतो. टाच मोकळी असते. पाय उचलला की अख्खी स्की त्या एका जागेवरून लोंबते. जागा बरोबर असली तर ती पायाखाली आडवी राहते. पकड मागं सरकली तर पुढचं टोक जड होतं आणि दर पावलाला बर्फात घुसतं. दुकानात कागदाचा साचा लावून चटकन भोकं पाडून देतात, पण ते तारयेईला चालायचं नाही. तो कामाच्या बाकावर सुरी उलटी आवळायचा, तिच्या पाठीवर स्की आडवी ठेवायचा आणि श्वास रोखून केसभर इकडं, केसभर तिकडं करायचा. स्की तराजूच्या दांडीसारखी स्थिर झाली की तिथं पेन्सिलीची रेघ. त्या रेघेवर पकड. कुणी बाहेरून बसवून आणली असली, तर हा ती स्की घेऊन पुन्हा सुरीवर ठेवणार, टोक खाली गेलं की चार लोकांत हसणार. हाल्वोर सुतार आहे, दरीतली निम्मी घरं त्यानं बांधली. त्याचं कामही म्हातारा सुरीवर ठेवूनच बघायचा.

त्या वर्षी म्हाताऱ्याचे हात थरथरायला लागले होते. कॉफीचा कप बशीवर वाजायचा. एका दुपारी तो नव्या स्की काखोटीला मारून अंगण ओलांडून आमच्याकडं आला. आमचं घर आणि त्याचं घर एकाच अंगणात, समोरासमोर. दारात उभा राहून हाल्वोरला म्हणाला, "तुला वेळ असेल तर." बस्स, एवढंच. पण एवढं बोलायला त्याला किती जड गेलं ते मी खिडकीतून बघितलं. तो परत जाताना मान खाली घालून गेला.

हाल्वोरची बहीण ओस्ने त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बसली होती. ओस्ने गावातल्या शाळेची मुख्याध्यापिका. आवाज मऊ, केस नीट, आणि पोरं तिला बघून भिंतीला चिकटतात.

"तीन बोटं मागं बसव," ती पावावर चीज ठेवत म्हणाली.

"काय?" हाल्वोर म्हणाला.

"पकड. तोल असेल त्याच्या तीन बोटं मागं. टोक जड होईल. ताज्या बर्फात चार वेळा पडला की आपोआप बाजूला होईल. कुणी काही बोलायला नको."

"अगं, सरळ सांगा ना त्याला," मी म्हणाले. "म्हणावं, बाबा, गेल्या वर्षी तू आम्हाला मारलं असतंस. या वर्षी मी पुढं."

दोघांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारायला सांगितलं होतं.

"असं कुणी बोलतं का बाबांशी," हाल्वोर म्हणाला.

"आणि भोकं चुकीची पाडतात?"

"मेरेटे, त्याचा अपमान व्हायला नको," ओस्ने शांतपणे म्हणाली. "त्याचं त्याला कळू दे. वय झालंय, हे माणसाला आतून कळलेलं बरं असतं."

तिला भावाच्या पायाची काळजी होती हे खरं. पण तिला ती किल्लीही हवी होती, आणि लहानपणापासून हवी होती. शेकोटीजवळच्या खाटेवर तीही कधी झोपली नव्हती.

हाल्वोर बराच वेळ टेबलावरचे चुरे बोटानं गोळा करत बसला. मग उठून पडवीत गेला आणि ड्रिलचा आवाज आला. मी काही बोलले नाही. मला त्या घराची हवा लागली होती, आणि त्याहून खरं म्हणजे, म्हाताऱ्याला एकदा तोंडावर आपटताना मला बघायचं होतं. ते मी का नाकारू?

स्की तयार झाल्यावर म्हातारा घ्यायला आला. मला वाटलं, आता सुरीवर ठेवणार आणि सगळं उघडं पडणार. हाल्वोरचा चेहरा खडूसारखा झाला होता. म्हाताऱ्यानं स्की हातात घेतल्या, पकडीवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाला, "छान." सुरी काढलीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पोराच्या कामावर भरवसा ठेवला, आणि तो याच कामावर.

निघालो तेव्हा हवा स्वच्छ होती आणि आदल्या दिवशीचा बर्फ गुडघाभर. म्हातारा पुढं, मागं ओस्ने, मग हाल्वोर, शेवटी मी. पहिल्या चढालाच त्याचं टोक बर्फात घुसलं. त्यानं पाय ओढून काढला. पुन्हा घुसलं. पाय उचलायचा की टोक लोंबायचं, जणू त्याला कुणी धोंडा बांधलाय. थोड्या वेळानं तो थांबला आणि म्हणाला, "मेण चुकलं." स्की काढून, तळाला मेण घासून पुन्हा चालू लागला. पुन्हा थांबला. "बर्फच ओला आहे." बर्फ साखरेसारखा कोरडा होता.

मग पडायला लागला. पहिल्यांदा गुडघ्यावर. नंतर कुशीवर. एक कुटुंब आमच्या बाजूनं गेलं, त्यांची एवढीशी पोरगी स्कीवर टुणटुण चालत होती, तिनं त्याला पडलेला बघून आईला विचारलं, "हे आजोबा आत्ताच शिकतायत का?" आई लाजली. म्हातारा बर्फातूनच पोरीला म्हणाला, "हो, आजच सुरुवात केली." मला हसू आलं आणि लगेच गेलं.

"बाबा, जरा मी पुढं होऊ का?" ओस्ने म्हणाली. शाळेतला तोच मऊ आवाज. "तू दमला असशील."

"दमलो नाही."

"नाही कसा. थोडा वेळ."

"दमलो नाही म्हटलं ना."

भूर्जांची झाडं संपतात तिथं चढ उभा आहे. तिथं वळताना एक स्की पूर्ण उचलून, हवेत फिरवून उलट दिशेला ठेवावी लागते. तारयेईनं ती तशी हजारदा फिरवली असेल. या वेळी टोक बर्फात अडकलं, आणि तो डोकं उताराकडं करून पालथा पडला, एक हात अंगाखाली, काठी मानेखाली. हाल्वोर पुढं झाला. ओस्नेनं त्याची बाही धरली.

"थांब. त्याचा त्याला उठू दे."

आम्ही तिघं उभं राहून बघत होतो. त्याला उठायला फार वेळ लागला. टोपी पडली होती, पांढऱ्या केसांत बर्फ. तोंडातून नुसता धापांचा आवाज. उठून उभा राहिला आणि त्यानं आमच्याकडं न बघता एक पाऊल बाजूला टाकलं, वाटेबाहेर. आमच्याकडं त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो, आता दुसऱ्यानं पुढं व्हावं. मग त्यानं बनियनमधून दोरी ओढून काढली आणि किल्ली ओस्नेपुढं धरली.

"धुराड्याचं झाकण आधी उघड," तो म्हणाला. "नाहीतर धूर होतो."

"नुसती आजच्यापुरती, बाबा," ओस्ने म्हणाली, आणि किल्ली खिशात टाकून तिनं चेन ओढली. "तू आता परत जा ना. सगळा उतार आहे, वाट पडलेली आहे. गाडीत बसून घरी जा, ऊब घे."

हाल्वोर बुटाकडं बघत होता. म्हाताऱ्याबरोबर कुणीतरी जायला हवं होतं, आणि या घरात कुणीतरी म्हणजे मी. मी वळले. ओस्ने पुढं झाली आणि काय वाट पाडत गेली, सरळ, सपासप. तिला किती वर्षांनी अंग मोकळं करायला मिळालं होतं, ते पाठीमागूनही दिसत होतं.

थोडं खाली आल्यावर म्हातारा एका खडकाला टेकला. मी त्याला कॉफी दिली. कप दोन्ही हातांनी धरून तो स्वतःच्या पायांकडं बघत बसला.

"तू माझ्या बापाला बघितलं नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"पहिल्यांदा पंजे लोंबायला लागले त्याचे. पाय उचलला की बोटं खाली. उंबऱ्याला अडखळायचा, आम्ही पोरं हसायचो. मग गुडघे गेले. मग खाटेवर आठ वर्षं. आई थकली, मग मीच धुवायचो त्याला. पुढून, मागून, सगळा." तो थांबला. "आज सकाळपासून मी पाय उचलतोय आणि टोक खाली जातंय. दोन्ही पायांचं. कितीही जोर लावला तरी."

मी काही बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, "मी आठ वर्षं पडून राहणार नाही. भिंतीवर बंदूक आहे." उद्या लाकडं फोडायची आहेत म्हणावं तशा आवाजात.

या माणसानं मला वीस वर्षं दाराशी झोपवलं होतं. पण त्या क्षणी मला त्याची इतकी दया आली, आणि वर गेलेल्या दोघांचा इतका संताप आला, की तोंडाला आवर घालणं मला जमलं नाही.

"तारयेई, तुझ्या पायांना काही झालेलं नाही. पकड मागं आहे. तीन बोटं मागं. मुद्दाम बसवलीय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग एक स्की काढली, कमरेची सुरी पाठ वर करून खडकाच्या फटीत आडवी रोवली, आणि स्की तिच्यावर ठेवली. पकडीपाशी ठेवली तर टोक धाडकन खाली. स्की मागं सरकवली, अजून थोडी, अजून. स्की थांबली. त्यानं तिथं अंगठ्याचं नख दाबलं आणि नखापासून पकडीपर्यंत बोटं टेकवली. एक, दोन, तीन. हात तेव्हा अजिबात थरथरत नव्हता.

"भोकं कुणी पाडली?"

"हाल्वोरनं."

"सांगितलं कुणी?"

"ओस्नेनं."

"तू होतीस?"

"टेबलाशी बसले होते."

"हं." तो स्कीकडं बघत राहिला. "भोकं सरळ आहेत. काम स्वच्छ आहे."

मी म्हणाले, "चल, वर जाऊ. किल्ली परत माग. सांग त्यांना."

"काय सांगू?"

"की तुला कळलं. की लाज वाटू दे म्हणावं."

त्यानं माझ्याकडं अगदी तस्सं पाहिलं, जसं त्या संध्याकाळी त्याच्या पोरांनी पाहिलं होतं. मग स्की पायात अडकवली आणि सुटला. उताराला तीच जड टोकांची जोडी घेऊन म्हातारा असा काही उतरला, की मला गाठता येईना. वळणं घेताना गुडघे लोण्यासारखे वाकत होते. मी त्याच्या मागं दोनदा पडले आणि तो थांबला नाही, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, म्हातारा ठीक आहे.

गाड्या दिसायला लागल्या तशी त्यानं वेग कमी केला. वाटेच्या कडेला थांबला. स्की काढून शेजारी नीट उभ्या केल्या. हातमोज्यानं बर्फ सारखा करून बसायला जागा केली, बसला, पाय समोर पसरले आणि पंजे सैल सोडले.

"जा, कुणाला तरी बोलाव," तो म्हणाला. "माझे पाय गेले."

मी हसले. तो हसला नाही.

"तारयेई, ऊठ. लोक बघतायत."

"म्हणून तर," तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.

बर्फावरची स्कूटर घेऊन बचावपथकाचे स्वयंसेवक आले. त्यांनी त्याला घोंगडीत गुंडाळून घसरगाडीवर झोपवलं, आणि तो गावातल्या निम्म्या माणसांसमोरून आडवा होऊन घरी आला. ओस्ने आणि हाल्वोर दुसऱ्या दिवशी निरोप मिळताच खाली आले. ओस्नेला वरच्या घरात एकच रात्र मिळाली.

डॉक्टरनं तपासलं. म्हणाला, काही दिसत तर नाही, लक्ष ठेवू. म्हातारा म्हणाला, "माझ्या बापाचंही वर्षभर काही दिसलं नव्हतं." डॉक्टर दरीबाहेरचा, तरुण, त्यानं मान डोलवली. पुन्हा तपासायला न्यायचा विषय निघाला की म्हातारा म्हणायचा, "जे मी हातानं धुतलंय ते मला ओळखता येतं."

तेव्हापासून तो खुर्चीत आहे. सकाळी हाल्वोर त्याला खाटेवरून उचलतो, धुतो, खुर्चीत ठेवतो. संध्याकाळी शाळा सुटली की ओस्ने येते, त्याला भरवते, त्याचे पाय चोळते, नखं कापते. तो तिला म्हणतो, "जरा जोरात चोळ, मला काही जाणवत नाही." ती जोर लावते. तिचे केस आता नीट नसतात. पेला कलंडला की तो म्हणतो, "असू दे, असू दे, म्हाताऱ्यांचं असंच," आणि ती गुडघ्यावर बसून फरशी पुसते. रात्रीच्या वेळी त्याच्याकडं कुणीतरी झोपायला हवं असतं. झोपणाऱ्याची खाट त्यानं दाराशी घालायला लावली आहे.

हाल्वोरनं एका दुपारी त्या स्कीवरची पकड काढली, चुकीच्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकून घासून सपाट केल्या आणि पकड तोलाच्या रेघेवर बसवली. कुणी वापरणार नव्हतं तरी. मी पडवीच्या दारात उभी होते.

"हाल्वोर, त्याला माहीत आहे," मी म्हणाले. "मीच सांगितलं. आणि त्याचे पाय धडधाकट आहेत. तो सोंग करतोय."

तो घासत राहिला.

"ऐकतोयस का? तो तुमच्यावर सूड घेतोय."

"आजारी माणसाबद्दल असं बोलू नये, मेरेटे."

"आजारी नाहीये तो."

"आम्ही केलं म्हणून झालेलं नाही ते," हाल्वोर म्हणाला. "ओस्नेही तेच म्हणते. ते होणारच होतं, नेमकं त्या दिवशी सुरू झालं एवढंच." त्यानं लाकडाचा भुसा फुंकून उडवला. त्यात त्याचे डोळे लाल झाले की आधीच होते, कळलं नाही.

म्हाताऱ्याला मी एकटं गाठलं. ओस्ने दुकानात गेली होती. दार लावून घेतलं आणि विचारलं, "किती दिवस चालवणार आहेस?"

"माझा बाप आठ वर्षं होता."

"तो आजारी होता."

"आजार मलाही आहे," तो म्हणाला. "दोन आहेत. एक शाळा चालवते, दुसरा भोकं पाडतो." मग माझ्याकडं बघून जरा मायेनं म्हणाला, "तुझं काही नाही गं, पावसाळे. तू पहिली आहेस या घरात, जी मला तोंडावर काही बोलली. तू जाऊन झोप निवांत."

मला त्याचं ते बोलणं आवडलं, हीच त्यातली घाण गोष्ट. घरी येऊन मी बराच वेळ हात धूत होते.

पुन्हा ईस्टर आला. ओस्नेनं वर जायचा विषय काढला, किल्ली तिच्याकडंच होती. म्हातारा म्हणाला, "जा ना. जरूर जा. मी पडून राहीन. पाणी हाताशी ठेवा म्हणजे झालं." मी म्हणाले, मी थांबते त्याच्यापाशी. तर म्हणतो, "तिच्यानं मी उचलला जायचा नाही. पाडेल मला." ओस्ने रडली. मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं, उभ्या उभ्या, आवाज न करता, हातात ओला फडका. मग कुणीच गेलं नाही. दरीतले सगळे लोक स्की घेऊन डोंगरात गेले आणि आमच्या अंगणात दोन्ही धुराडी तेवढी चालू.

त्या शनिवारी ऊन कडक पडलं होतं. ओस्ने गावात तिच्या घरी कपडे आणायला गेली होती. मी आणि हाल्वोर लाकडाच्या खोपटातून म्हाताऱ्याकडं लाकडं घेऊन चाललो होतो. अंगण ओलांडताना त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी समोर आली. उजेड आमच्या पाठीमागून थेट आत पडला होता, सगळं लख्ख.

म्हातारा खुर्चीतून उठला. टेबलाला हातसुद्धा लावला नाही. कपाटाकडं चालत गेला, आणि वरच्या फळीवरचा चॉकलेटचा डबा काढायला टाचा उचलून चवड्यांवर उभा राहिला. डबा काढला, तुकडा तोंडात टाकला, डबा परत वर ठेवला. मग एका पायावर भार देऊन, दुसरा पाय जरा हलवत, निवांत चघळत उभा राहिला.

हाल्वोर माझ्या शेजारी थिजला होता. त्यानं सगळं बघितलं होतं, माझ्याइतकंच.

"बघितलंस," मी म्हणाले. विचारलं नाही.

तो पायऱ्यांकडं गेला. शेवटच्या पायरीवर त्यानं बूट आपटले, बर्फ झाडायला आपटतात तसे. अंगण वाळलेलं होतं, बुटाला बर्फ नव्हता. पुन्हा आपटले, आणखी जोरात. खोकला. लाकडं खाली टाकली आणि एक एक करून परत उचलली. आत खुर्ची करकरली. तरी तो थांबला, आणखी जरा वेळ, कान देऊन. पांघरूण ओढल्याचा आवाज आला. मग त्यानं दार उघडलं.

"बाबा, मी आलोय," तो म्हणाला. "ऊन छान पडलंय. खिडकीपाशी ठेवू का तुला?"

"ठेव," म्हातारा म्हणाला. "पाय सांभाळ. नुसते लोंबतात."

त्यानं दोन्ही हात वर केले. हाल्वोर त्याच्यापुढं वाकला, त्याच्या ओठाला लागलेलं चॉकलेट अंगठ्यानं पुसलं, आणि त्याला उचललं.